पेशीचे दार आणि रानातील वाट

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर जनुकाची दुरुस्ती करणारा उपचार देशातच विकसित झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत करण्यात आली. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव देण्यात आले असून, दिल्लीच्या जीनोमिक्स आणि इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी संस्थेने तयार केलेले हे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले आहे. ज्या समाजाला या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या छळले, त्या समाजातील वीरपुरुषाचे नाव या उपचाराला मिळावे हे उचितच झाले. परंतु नावाने औषध गावात पोहोचत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गोंड, माडिया, परधान किंवा दलित कुटुंबातील मुलापर्यंत ही विद्या कोणत्या मार्गाने जाणार, हा प्रश्न त्यामुळे आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. हा प्रश्न जितका शासनव्यवस्थेचा आहे, तितकाच तो रसायनशास्त्राचाही आहे.

रोगाचे मूळ अगदी सूक्ष्म आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एका अक्षराची अदलाबदल होते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते, आणि प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांध्यांत असह्य कळा, सततचा अशक्तपणा, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि अकाली मृत्यू असा त्यापुढील क्रम असतो. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक राहतो आणि त्याला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या रानात हे जनुक टिकून राहिले ते याच कारणाने. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी निपजण्याची शक्यता चारात एक असते.

जनुकावरचा उपचार आता कल्पनेतला राहिलेला नाही. ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. चाचणीत ज्या ३१ रुग्णांचे निष्कर्ष पाहण्यात आले, त्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनांचा झटका आला नाही. ही सिद्धी मोठी आहे, पण तिची वाट फार खडतर आहे. रुग्णाच्या रक्तातील मूळपेशी काढून घ्यावयाच्या, दूरच्या प्रयोगशाळेत त्यांतील जनुक बदलावयाचे, दरम्यान जालीम औषधाने रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करावयाची आणि मग त्या पेशी परत शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धत आहे. त्यासाठी अनेक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरविण्यात आली. पर्लकोटेच्या पुरात वर्षानुवर्षे ज्या भामरागडचा जगाशी संपर्क तुटत आला, त्या भागातील कुटुंबाने ही वाट कशी चालावी? उपचार देशी बनावटीचा होऊन स्वस्त झाला, तरी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते तोवर तो मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाबाहेर पडणे कठीणच आहे.

म्हणूनच जगातील प्रयोगशाळांत औषधाच्या वाहनाचा जो शोध चालू आहे, त्याचे महत्त्व या दोन जिल्ह्यांना विशेष आहे. पेशीभोवतीचे आवरण स्निग्ध असते आणि त्यावर ऋण विद्युत्‌भार असतो. जनुकद्रव्यही ऋणभारितच. साहजिकच ते स्वतःहून आत जात नाही, आणि पेशीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात. इन्सुलिनसारख्या पेप्टाइड औषधांचीही हीच गत आहे. पोटात गेली की ती पचून जातात, म्हणून सुई टोचून घ्यावी लागते. यावर उपाय म्हणून पॉलिमरची, म्हणजे एकाच प्रकारच्या रेणूंची लांब साखळी असलेल्या पदार्थांची, योजना करण्यात आली. धनभारित पॉलिमर जनुकद्रव्याला चिकटून त्याची गुंडाळी करतात आणि केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान असा कण तयार होतो. पेशी तो कण आत ओढून घेते. तेथील आम्लधर्मी कप्प्यातून निसटून कणाने आपला ऐवज योग्य जागी उतरविला, की काम झाले.

हे सारे सहजसाध्य आहे असे मात्र नव्हे. पॉलिइथिलिनिमाइन हे पॉलिमर जनुक आत नेण्यात वाकबगार असले तरी पेशींना विषारी ठरते. टाक्याच्या विरघळणाऱ्या दोऱ्यांत वापरले जाणारे लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांचे पॉलिमर निर्धोक आहे. ल्युप्रोलाइड या पेप्टाइड औषधाचे महिन्यातून एकदा द्यावयाचे इंजेक्शन त्याच्याच सूक्ष्म गोलकांतून १९८९ पासून दिले जाते. पण जनुकाचे ओझे वाहण्यात ते तितके तरबेज नाही. कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानवरही पुष्कळ काम झाले आहे. या शर्यतीत स्निग्ध पदार्थांचे कण आज पुढे आहेत. कोविडच्या आरएनए लशी त्यांनीच वाहून नेल्या, आणि २०२५ मध्ये यकृताच्या दुर्मीळ आनुवंशिक रोगाने आजारी असलेल्या एका अमेरिकन बालकाला त्यांच्याच साहाय्याने जनुक-दुरुस्तीचे इंजेक्शन देण्यात आले. तरी रक्तात सोडलेले कण बहुतांशी यकृतातच जमा होतात. सिकलसेलसाठी ते अस्थिमज्जेतील मूळपेशींपर्यंत जावयास हवेत. खरा पेच येथे आहे. हा पेच सुटला, तर जो उपचार आज महिनोन्‌महिने चालतो तो एखाद्या इंजेक्शनावर येऊ शकेल, आणि तेव्हाच तो जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात येईल.

या संशोधनाला लागणारी सामग्री महाराष्ट्राजवळ नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर-विज्ञानाची जुनी परंपरा आहे. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने तयार केलेल्या आरएनए लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, आणि ती साध्या शीतपेटीच्या २ ते ८ अंश तापमानात टिकत होती. मुंबईच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही परदेशी उपचाराच्या मानाने कितीतरी कमी खर्चात. हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन, उपचार व नियंत्रणासाठी चंद्रपूर येथे उभारलेले केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले आहे. रसायनज्ञ पुण्यात, वैद्यकीय अनुभव मुंबईत आणि रुग्ण रानात, ही फारकत मिटविण्याची जागा हे केंद्र होऊ शकते. मात्र येथील लोकांचे रक्त केवळ नमुन्यादाखल घ्यावे आणि निष्कर्षाचा लाभ अन्यत्र जावा, असे घडता कामा नये. चाचणीसाठीची संमती माडिया-गोंडी बोलीत समजावून घेतली जावी, आणि उपचार यशस्वी झाल्यास तो प्रथम येथेच मिळेल हे आधी लेखी ठरावे.

येथे एका जुन्या अनुभवाची आठवण ठेवणे इष्ट ठरेल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी या भागातील सिकलसेलचा प्रादुर्भाव दाखवून दिला. परंतु लोकांनी हा आपला तातडीचा प्रश्न मानला नाही. रोगाचे नाव कळले तरी हाती काही पडत नसेल, तर लोकांनी त्यात रस का घ्यावा? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणीनंतर हाती येणारे कार्ड विवाह जुळविताना दाखवावयाचे, यावर मोहिमेचा मोठा भर आहे. समुपदेशन आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु कार्डामागे औषध उभे नसेल, तर त्याचा भार शेवटी मुलीच्या स्थळावर पडेल, हे ओळखावयास हवे.

औषध मुळीच नाही असेही नाही. हायड्रॉक्सियुरिया ही तोंडाने घ्यावयाची साधी गोळी वेदनांचे झटके बरेच कमी करते. ती रोज मिळाली पाहिजे आणि अधूनमधून रक्त तपासले गेले पाहिजे, इतकीच तिची मागणी आहे. जोडीला वेळेवर लसीकरण आणि तापाकडे तत्काळ लक्ष मिळाले, तर अनेक मुले वाचतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठीचे हेलपाटे चुकविणे कचेरीतील कर्मचाऱ्याच्या हाती असते. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे, थंडीत कुडकुडून सांधे धरून बसणारे मूल आळशी नसून आजारी असू शकते, आणि त्याला पुरेसे पाणी, ऊब व विश्रांती हवी असते, एवढे प्रत्येक आश्रमशाळेतील शिक्षकाला ठाऊक असावयास हवे.

पॉलिमरच्या कणाची परीक्षा एकाच गोष्टीने होते: वाटेत न फुटता त्याने आपला ऐवज पेशीच्या आत पोहोचविला की नाही. आरोग्यव्यवस्थेलाही हीच कसोटी लावली पाहिजे. जी यंत्रणा आज काही रुपयांची गोळी पावसाळ्याचे चार महिने भामरागड-एटापल्लीत अखंड पोहोचवू शकेल, तीच उद्या जनुकाचे इंजेक्शन तेथे नेऊ शकेल. त्या इंजेक्शनाची वाट पाहत असताना गोळीची वाट बांधून काढणे हे आजचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नाही.