‘बायकांना हेच हवं असतं’ म्हणणाऱ्यांनो

‘बायकांना हेच बघायचं असतं हो!’ टीव्हीच्या धंद्यातले लोक हे तोंड वर करून सांगतात तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे धडधडीत खोटं आहे. पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या ‘ऑक्सिजन’ वाहिनीचा इतिहास काढून बघा.

२ फेब्रुवारी २००० रोजी खास बायकांसाठीची ही वाहिनी सुरू झाली. ‘निकलोडियन’ ही मुलांची वाहिनी नावारूपाला आणणाऱ्या जेराल्डिन लेबर्न तिच्या प्रमुख होत्या. ऑप्रा विन्फ्री आणि निर्मात्या मार्सी कार्सी संस्थापकांत होत्या. टीव्ही आणि इंटरनेट एकत्र आणायचं आणि बाईला शहाणी माणूस समजून तिच्याशी बोलायचं, असा त्यांचा मनसुबा होता. पैशांच्या व्यवहारावर कार्यक्रम होता, मुलाखती होत्या, योग होता. पुढे सू जोहान्सन ही सत्तरी ओलांडलेली कॅनडातली नर्स तिथं थेट प्रक्षेपणात फोन घ्यायची. लैंगिक आयुष्याबद्दल कुणी काहीही विचारो, ती न लाजता, न फटकारता नीट उत्तर द्यायची. बायकांना काय हवं असतं, हे त्या फोन करणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

मग २००४ मध्ये ‘स्नॅप्ड’ हा बायकांच्या हातून झालेल्या खऱ्या खुनांवरचा कार्यक्रम आला. आधी लग्नाचा हसरा फोटो, मग नवऱ्याचं प्रेत, पोलिसांच्या चौकशीचं चित्रण, रडणारी बहीण आणि शेवटी शिक्षा. २००६ मध्ये ‘बॅड गर्ल्स क्लब’ आला. तरण्या मुलींना एका आलिशान बंगल्यात कोंडायचं, दारू मुबलक ठेवायची आणि झिंज्या उपटायला लागल्या की कॅमेरा जवळ न्यायचा. २००७ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलनं वाहिनी ९२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. पण सगळं खापर नव्या मालकावर फोडू नका. हे दोन्ही कार्यक्रम संस्थापकांच्याच काळातले. बायका खुर्चीवर बसल्या म्हणून धंद्याचं गणित बदलत नाही. वाहिनी जाहिरातदारांवर जगते, तोवर प्रेक्षक बाई हाच तिचा विकाऊ माल असतो.

एका पुरुषाची अकरा मुलं आणि त्यांच्या दहा आया यांचा तमाशा मांडायचा घाटही याच वाहिनीनं घातला होता. लोकांनी रान उठवलं, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये तो गुंडाळावा लागला. त्या विरोधात बायकाही होत्या. तेव्हा त्यांना काय हवं ते कुणी ऐकलं? २०१७ मध्ये तर अख्खी वाहिनीच चोवीस तास खून-गुन्ह्यांना वाहून टाकली.

बायका गुन्हेकथा बघतात, हे मला मान्य आहे. का बघतात? घरातली हिंसा त्यांच्या ओळखीची असते म्हणून. त्या भीतीवर उपाय सांगणं वेगळं आणि त्या भीतीच्या मध्येमध्ये जाहिराती विकणं वेगळं. ताटात एकच पदार्थ वाढायचा आणि तो संपला की ‘आवडतो वाटतं’ म्हणायचं, ही मखलाशी बंद करा.

आणि आपल्या मराठी वाहिन्यांनी नाक वर करू नये. इथंही दर गुरुवारी टीआरपी येतो आणि कारस्थानी जावेचं आयुष्य आणखी सहा महिन्यांनी वाढतं. दिवसभर शेतात, ऑफिसात, लोकलच्या गर्दीत राबून आलेल्या बाईपुढं तुम्ही तेच ते मंगळसूत्र आणि तेच ते विष ठेवता, वर ‘मागणी तसा पुरवठा’ म्हणता. सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं चढतं, नवऱ्यानं मारलं तर दाद कुठं मागायची, पाळी जाताना शरीरात काय होतं, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं, हे दुपारच्या आडवेळी नको. रात्री आठ वाजता, तुमच्या लाडक्या मालिकेइतकाच पैसा ओतून, वर्षभर दाखवा. तोवर बायकांना काय हवं हे सांगायचा अधिकार तुम्हाला नाही.