औषध नाही, विष आहे

साथींनो,

दुकानदार औषध म्हणतो, म्हणून आपणही औषध म्हणतो. पण ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले. उलट त्यांनाच विचारलं, तोंडाला फडकं का नाही बांधलं?

आता तोच पंप आपल्या वनपट्ट्यावर आलाय. तणनाशकाने निंदणी वाचते, हे खरं. घरात माणसं कमी, हेही खरं. पण तणाबरोबर तांदुळजा, कुर्डू, चिवळ जळते. पावसाळ्यात आपल्या चुलीवर तीच तर भाजी असते. रानातलं पाणी नाल्यात उतरतं, आणि आपण तेच पितो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा विकता येत नाही. पण उधारीवर विष आणलं की पीक दुकानदाराचं, राबणं आपलं. यासाठी जमीन लढून घेतली काय?

पाण्याच्या जागा राखायचा अधिकार याच कायद्याने ग्रामसभेला दिलाय. येत्या ग्रामसभेत ठराव करा: नाल्याकाठी फवारणी नाही, पट्ट्यावर तणनाशक नाही. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर हातच लावू नका. आणि ज्याच्या घरी माणसं कमी, त्याला दंड नको. पाळीपाळीने त्याच्या निंदणीला जाऊ.

जमीन आपली, तर मातीही आपणच राखायची.

जिंदाबाद!