सहा सुताचा वस्तरा आणि पाचवीचे अपूर्णांक



'मी पाहिलेला कारागीर' हा निबंध आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षे तपासलाय. कारागीर गरीब पण प्रामाणिक असतो. त्याच्या कपाळावर घाम असतो. तो पहाटे उठतो. शेवटच्या ओळीत मुलं त्याला सलाम ठोकतात. पंचवीस वह्या, पंचवीस सलाम. पण तो नेमकं काय बनवतो, कशापासून बनवतो, एक वस्तू व्हायला किती वेळ लागतो आणि त्यातून त्याच्या हातात किती पैसे उरतात, यातलं एकही वाक्य नसतं. मुलांचा दोष नाही. त्यांनी कारागीर पाहिलेलाच नसतो, आणि पाहिला असेल तर क्षेत्रभेटीत, वीस मिनिटं, फोटोसाठी रांगेत उभं राहून.

माझं मत असं आहे, की वर्षात पाच ठिकाणी धावती भेट देण्यापेक्षा एकाच कारागिराकडे अर्धा दिवस बसावं आणि एकच वस्तू धरावी. ती वस्तू कुठून सुरू होते आणि कुठे संपते, एवढंच बघावं. यंदा आम्ही पाचवीचा वर्ग घेऊन एका लोहारकाकांकडे गेलो. त्यांचं मुख्य काम कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी. पण महिन्याला एखाद-दुसरा वस्तराही ते घडवतात. ब्लेड घालायचा नाही, जुना, एकाच पात्याचा, घडीचा वस्तरा. गिऱ्हाईक शहरातलं, हौशी. कुणाला पातं रुंद हवं, कुणाला टोक गोल हवं, कुणाला मूठ शिसमाची हवी. जावई फोनवर ऑर्डर घेतो, काका घडवतात.

वस्तराच का, कोयता का नाही, असं सहकारी शिक्षकांनी विचारलं. कोयता चुकला तरी ऊस तुटतो. वस्तरा चुकला तर कातडी कापते. इतक्या छोट्या वस्तूत चूक लपायला जागाच नाही, म्हणून त्यात शिकवायला भरपूर सापडतं.

सुरुवात पोलादापासून. काकांनी बेअरिंगची एक जुनी कडी आणि एक झिजलेली कानस पुढे ठेवली. "यातला वस्तरा कशाचा होईल?" पोरं गप्प. दोन्हीचा होतो. दोन्हींत शंभर भागांत साधारण एक भाग कार्बन असतो आणि तेवढ्यानेच लोखंडाचं कडक होणारं पोलाद बनतं. खिडकीच्या गजात कार्बन फार कमी, म्हणून गज कितीही तापवा, बुडवा, धार धरत नाही. शंभरातला एक भाग म्हणजे काय, हे टक्केवारीच्या पानावर समजावताना घसा बसतो. इथे ते एका कडीत दिसलं.

मग भट्टी. काका पातं लालभडक तापवतात आणि तारेला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक त्याला लावून बघतात. चिकटलं तर अजून तापवायचं. चिकटेनासं झालं की थोडं पुढे नेऊन पटकन तेलात. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला ओढलं जाणं सोडतं. 'चुंबक लोखंडाला आकर्षून घेते' हे वाक्य आमच्या मुलांना तोंडपाठ. त्याच चुंबकाला त्याच लोखंडावरून घसरताना पाहून एक मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात तसं नाहीये." मी म्हटलं, वहीत लिही. तारीख टाक.

पाण्यात का नाही बुडवत? पातळ पातं पाण्यात एकदम गार होतं आणि तडकतं, तेलात जरा दमाने गार होतं. तरी पाचातलं एखादं वाकतंच. तेलातून काढल्यावर काकांनी त्यावर कानस फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे पातं कडक झालं. पण इतकं कडक पातं ठिसूळही असतं, म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि तव्यावर हळू तापवायचं. पृष्ठभागावर वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग चढला की लगेच उतरवायचं. साधारण दोनशे अंशांच्या आसपासचा खेळ. रंग निळा झाला म्हणजे पातं मऊ पडलं, सगळी मेहनत गेली. त्यांच्याकडे तापमापक नाही, रंग हाच तापमापक. पुढे चाकावर घासतानाही पातं उघड्या बोटांनी धरतात, हातमोजा नाही. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, म्हणजे पातं कधीच फार तापत नाही. मुलांना त्यांनी लांब बसवलं होतं आणि जमिनीवर खडूची रेघ मारली होती. ती रेघ कुणी ओलांडली नाही. वर्गात माझी रेघ दहा मिनिटंही टिकत नाही, हे जाता जाता सांगतो.

आता मुख्य गोष्ट. काका म्हणाले, "हा सहा सुताचा. तो पाच सुताचा." आपल्याकडे सुतार, गवंडी, लोहार सगळेच सुतात बोलतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. गंमत अशी की इंग्लंड-जर्मनीतले वस्तरेही इंचाच्या आठव्या भागांतच मोजतात, पाच अष्टमांश, सहा अष्टमांश. म्हणजे शेफिल्डचा कारागीर आणि आमचे काका मापाची एकच भाषा बोलतात. पाचवीत आपण शिकवतो, सहा अष्टमांश म्हणजे तीन चतुर्थांश, संक्षिप्त रूप द्या, नाहीतर अर्धा गुण कट. मी फळीवर कोळशाने तीन चतुर्थांश लिहून दाखवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे सर, पण मला सहा सूतच बरं. शेजारी पाच सुताचा ठेवला तर लगेच कळतं कोणता मोठा आन कितीने."

समच्छेद अपूर्णांकांची तुलना सोपी का जाते, हे मी इतकी वर्षं शिकवतोय. इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात भूमिती. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते, आणि ती नुसती मजबुतीसाठी नाही. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या. मग हात थरथरला तरी कोन बदलत नाही, कोन पाठीच्या जाडीने आधीच ठरवून टाकलेला असतो. सहा सुताचं पातं सुमारे १९ मिलिमीटर रुंद, पाठ साडेपाच मिलिमीटर जाड. आम्ही दहापट मोठा समद्विभुज त्रिकोण काढला, १९ सेंटिमीटरच्या दोन बाजू आणि साडेपाचचा पाया. कोनमापक ठेवला. कुणाचा १६ अंश आला, कुणाचा १७. दोघंही ठीक. कोनमापक ही वस्तू कंपासपेटीबाहेर कशासाठी असते, हे पहिल्यांदा कळलं असं एक मुलगा म्हणाला.

धार लागली की चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवतात, पण उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. सुलटं फिरवलं तर पट्टाच कापला जाईल. हे उत्तर मुलांनीच दिलं.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं सलून आहे. एरवी हा पोरगा मागच्या बाकावर. त्याने विचारलं, "काका, आमचे पप्पा असला वस्तरा का नाही वापरत? ते ब्लेड घालतात." काका हसले. "बाळा, पप्पा बरोबर करतात. हा वस्तरा एका माणसाचा. दुकानात दहा गिऱ्हाइकं येतात. एकाचं रक्त दुसऱ्याला लागता कामा नये." एचआयव्ही, कावीळ-बी हे आजार रक्तातून पसरतात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. सगळ्यांनी त्या पोराकडे वळून पाहिलं. त्या दिवशी धोकटी, पट्टा, तुरटी यांची माहिती त्यानेच सांगितली, आणि मी मध्ये बोललो नाही.

इथे मला मुद्द्याचं बोलायचंय. बारा बलुतेदार आपण इतिहासात शिकवतो. लोहार आणि न्हावी दोघंही त्यात. अशी भेट ठरवली की कुणीतरी कौतुकाने म्हणतंच, "छान, पिढीजात कला टिकली पाहिजे, पोरांनी बापाचा धंदा शिकला पाहिजे." मला हे मान्य नाही. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, पोरांना दाखवा, सगळं दाखवा. पण माझ्या नातवाला भट्टीवर बसवू नका. त्याला काय व्हायचं ते होऊ द्या." ज्याने चाळीस वर्षं ऐरणीवर काढली, त्याच्या या म्हणण्यापेक्षा आपलं कौतुक मोठं नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली. हस्तोद्योगातून शिक्षण, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. कल्पना चांगलीच होती: हाताने काम करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकायची. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा असं म्हटलं, तेव्हा लोक चिडले. हे जातीचं शिक्षण आहे म्हणाले. १९५४ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. मला वाटतं लोक बरोबर होते. लोहाराच्या मुलाने लोहारकाम शिकायचं आणि वकिलाच्या मुलाने ते फक्त बघायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत. आमच्या वर्गात डॉक्टरांची मुलगी, ऊसतोड कामगाराचा मुलगा आणि सलूनवाल्याचा मुलगा एकाच खडूच्या रेघेमागे बसले, आणि तिघांनाही तोच कोन काढायचा होता. फरक मला तिथे दिसतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. चांगली आहे. पण पाचवीत अपूर्णांक आणि कोन येतात, मग सहावीपर्यंत थांबायचं कशाला?

आणि लोहाराच्या घरात विज्ञान नसतं असं कुणाला वाटत असेल, तर मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता हे वर्गात सांगा. विजेच्या शोधांआधी त्याने पोलादावर बरंच काम केलं, तेही जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारागिरासोबत. त्या कामाची सुरुवात कशी झाली? दक्षिण भारतातून जाणारं 'वूट्झ' पोलाद तपासून. १८१९ मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. पुढे केलेल्या मिश्र पोलादाचे वस्तरे बनवून त्याने मित्रांना भेट दिले. आमच्या पोरांना फॅरडेपेक्षा त्या मित्रांचं जास्त नवल वाटलं. "सर, गिफ्टमध्ये वस्तरा?"

हिशोबाचा तास मात्र जरा जड गेला. काकांनी आकडे लपवले नाहीत. वस्तऱ्याची किंमत ३५०० रुपये. पोलाद १००, कोळसा ३००, मुठीचं लाकूड आणि खिळे २५०, घासायचे पट्टे-कागद २५०, कुरिअर १५०. खर्च १०५०, उरले २४५०. वेळ चार दिवस. म्हणजे दिवसाला सुमारे ६१२ रुपये. पोरांना आधी ३५०० ऐकून काका श्रीमंत वाटले होते. आणि पाचवं पातं तेलात वाकलं तर मजुरी आणखी खाली येते, किती खाली ते मी फळ्यावर प्रश्न म्हणून ठेवलं. दोन दिवस भांडण चाललं, कारण वाकलेल्या पात्यावर किती दिवस गेले हे कुणीच विचारलं नव्हतं. शेवटी एकीने आजोबांच्या फोनवरून काकांना फोन लावून विचारून घेतलं.

यंदाच्या निबंधांत सलाम दोनच आले. बाकीच्यांत सूत, तेल, चुंबक, कुरिअर. शुद्धलेखनाच्या चुका नेहमीपेक्षा जास्त, कारण शब्द पुस्तकातले नव्हते, ऐकलेले होते. मी त्या लाल केल्या, पण गुण कापले नाहीत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आम्ही काकांचा अर्धा दिवस घेतला. वरच्याच हिशोबाने त्यांचे तीनशे रुपये बुडाले. पाहुणे म्हणून आपण नारळ आणि गुलाबाचं फूल देतो, सभेत टाळ्या वाजवतो. डॉक्टरांना व्याख्यानाला बोलावलं तर पाकीट देतो, मग लोहाराला का नाही? आम्ही शिक्षकांनी मिळून तीनशे रुपये दिले. काका घेत नव्हते, मुलांनी हिशोबाची वही दाखवली तेव्हा घेतले. पण शाळेच्या अनुदानात हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे मुख्याध्यापकांनाही सांगता आलं नाही. तुमच्या शाळेत कुणी असा खर्च टाकला असेल, तर कसा टाकला ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात कुंभाराकडे जायचंय.