अण्णांचं धोतर आणि मूठभर टीसीएल

मागच्या फाल्गुनात माहेरी गेले होते. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. या दिवसांत गावात एकच विषय, हळद! काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अण्णांच्या धोतरांना ते कधीचंच मिळालेलं आहे. एकही धोतर बिनडागाचं नाही.

दुसऱ्या दिवशी नात्यात लग्न होतं. चार माणसांत अण्णा पिवळं धोतर नेसून बसणार, हे काही मला बघवेना. त्यातलं बरं एक काढून साबण लावला, तर डाग लालभडक! हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. साबणही चुन्यासारखाच क्षार, हे मात्र त्या क्षणी सुचलं नाही. मी घाबरले. पाण्यात टाकायची टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, घरात होती. मूठभर बादलीत टाकली, धोतर बुडवलं आणि जेवायला गेले.

डाग गेला हो, अगदी साफ गेला. पण पिळताना चर्र आवाज आला. पावडरचे कण न विरघळता जिथे जिथे चिकटले होते, तिथे भोकं. बाकीचं कापडही जुन्या कागदासारखं झालेलं.

वहिनी हळूच म्हणाली, "ताई, ते आईंनी घेतलेल्या जोडीतलं होतं. शेवटच्या दिवाळीतलं."

अण्णांनी धोतर हातात घेतलं, घडी घातली, ठेवून दिलं. एवढंच म्हणाले, "अगं माय, हळद पिकवणाऱ्याचं धोतर पिवळं नसंल तर कुणाचं असंल?"

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालंय. घरच्या पांढऱ्या कपड्यांना ब्लीच हा पहिला उपाय नव्हेच, तो शेवटचा. ब्लीच काही डाग तेवढा ओळखून काढत नाही. ते रंगही तोडतं आणि सुताचा धागाही. आणि हळदीसाठी तर त्याची गरजच नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. साध्या पाण्याने खळबळून ओलं कापड कडक उन्हात टाकावं, एक-दोन दिवसांत डाग फिका होत जातो. आणि ऊन तर मराठवाड्यात फुकट आणि भरपूर!

गंमत म्हणजे १७९९ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, त्याआधी युरोपातही कापड आठवडेच्या आठवडे गवतावर पसरून उन्हातच पांढरं करत. घाई गिरण्यांना होती. आपल्याला एका धोतरासाठी कसली आलीय घाई? मला होती, कारण लोक काय म्हणतील!

टीसीएलशी माझं भांडण नाही. पावसाळ्यात विहिरीत ती पडते म्हणून गावाची पोटं शाबूत राहतात. आजारी माणसाच्या पांढऱ्या सुती चादरीलाही ब्लीच जरूर वापरावं. पण आधी पूर्ण विरघळवून, गाळून, भरपूर पाण्यात, थोडाच वेळ, आणि मग दोन-तीनदा खळबळून. रेशीम-लोकरीला अजिबात नको. आणि एक हात जोडून सांगणं, संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

लग्नाला अण्णा दुसरं धोतर नेसून आले, पिवळ्या डागांचं. कोणीही काहीही म्हणालं नाही. मांडवात निम्मी धोतरं तशीच होती.

असो. जोडीतलं दुसरं धोतर अजून आहे. ते आता अण्णा स्वतःच धुतात, माझ्या हाती देत नाहीत.