जाळ नको, रंग बघ

पुण्यातली मुलगी परवा फोनवर म्हणाली, "आई, यंदा मिरच्या नको पाठवूस. पाकिटातलं तिखट मिळतं की इथं." हो म्हटलं, पण मनाला लागलं. म्हणून लिहितेय.

आम्ही बेळगावचे, चार पिढ्या इथंच. घरच्या तिखटात मुख्य मिरची ब्याडगीच, झोंबण्यापुरती मूठभर संकेश्वरी. आज्जी म्हणायची, "जाळ कुणीबी आणंल गं, रंग आणून दाखव!" ब्याडगी सुरकुतलेली, गर्द लाल, चवीला सौम्य. त्यातही तिला डब्बीच हवी. कड्डी लांब, बारीक. डब्बी आखूड, फुगीर आणि जास्त बियांची.

चुलीतल्या निखाऱ्यावर ती एकेक मिरची चिमट्यात धरायची. फुगून वास सुटला की लगेच बाजूला, काळी पडली की कडू. सगळं घर ठसकायचं. मग लसूण, सुकं खोबरं, मीठ घालून पाट्यावर वाटायची. भाकरीवर ती चटणी आणि वर कच्चं तेल! पाकिटातून रंग येतो, हा धुरकट वास येत नाही. आता चूल नाही, तर मी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजते. चटणी झाली की मधोमध वाटीत निखारा, त्यावर तेलाचा थेंब आणि पाच मिनिटं झाकण. जवळजवळ तीच चव येते.

गच्चीवर कुंड्यांत दोन झाडंही आहेत, वाळक्या मिरचीतलंच बी आषाढात पेरलेलं. मिरची लाल झाली तरी तोडत नाही, झाडावरच सुरकुतू देते. वर्षाचं तिखट त्यात भागत नाही. पण मिरची दुकानात नाही, झाडाला लागते, एवढं तरी नातवाला कळतं.

आणखी एक बोलते, राग मानू नका. ही मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या नावाची. 2011 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सीमेसाठी मीही मोर्चात चाललेय, घोषणा दिल्यात. तरी आमच्या मराठी रश्श्याचा रंग कानडी मातीतून आलाय, हे सांगायला लाज कसली? भाषा काय, चव काय, दोन्ही घरात वापरात राहिली तरच टिकते. पाकिटाच्या भरवशावर नाही.

मुलीला यंदाही किलोभर मिरच्या धाडणारच, सोबत बियांची पुडी. तुमच्याकडं अजून कोण भाजतंय? सांगा बघू.