तीस हजारांचा गुन्हा

परवा वारणानगरात एका दारात डाकसेवक उभा. म्हातारीचा झिजलेला अंगठा यंत्राला काही केल्या पटेना. त्यानं तो ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा टेकवला, तेव्हा कुठं निराधार योजनेचे पैसे हाती पडले. शेजारचा ऊसवाला म्हणाला, ‘माणूस चांगला हाय ओ, पण ह्यांच्या युनियन बंद कराय पायजेत.’ आता काय बोलावं! देशभरच्या डाकसेवकांनी २२ मे २०१८ पासून बेमुदत संप केला, तेव्हा चार तासांच्या कामाला महिन्याला किमान १० हजार रुपये ठरले. आणि एप्रिल २०२३ मध्ये डाक खात्यानं टपाल कर्मचाऱ्यांच्या एनएफपीई या महासंघाची मान्यताच काढून घेतली. आरोपांत एक होता शेतकरी आंदोलनाला ३० हजार रुपये दिल्याचा! माकपला पैसे दिल्याचाही होता. नियमात बसत नसेल तर समज द्या, पण अख्खी संघटना मोडीत काढणं हा निव्वळ आकस. तात्यासाहेब कोरेंनी शेतकऱ्यांची जूट बांधून इथं साखर कारखाना उभारला. त्या जुटीवर पोसलेल्या आपण तरी युनियनच्या नावानं नाक मुरडू नये. ऊसदरासाठी महामार्ग अडवला तर हक्क आणि पोस्टमननं संप केला तर माज? या हिशेबात सरळसरळ काटामारी आहे.