आधी बघू, मग मारू

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीचं पाणी गावांत शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली; त्यापुढे गाडीचं काय घेऊन बसायचं! पण पुतण्याचं पोट त्याच्या जुन्या फोर-व्हील जीपवर, आणि ती रात्रभर बॉनेटपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर मी लातूरहून गेलो आणि मास्तरी सवयीने हुकूम सोडला, "एकदा सेल्फ मारून तर बघ!"

मिस्त्रीने चावीवरचा हात धरला. "गुरुजी, आधी बघू, मग मारू."

त्याने आधी बॅटरीची वायर काढली. एअर फिल्टर ओलाचिंब. ऑइलची पट्टी ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं. तो म्हणाला, "हवा दाबली जाते, पाणी नाही." सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून त्याने नोझल काढली, इंजिन हाताने फिरवलं, आतलं पाणी बाहेर काढलं. मग डिझेल, फिल्टर, इंजिनाचं ऑइल बदललं. गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचंही. चौथ्या दिवशी जीप सुरू झाली.

अशी इंजिनं पाण्याने कमी आणि आपल्या घाईने जास्त जातात, असं माझं मत झालं आहे.

आणि शाळेत मी काय केलं? गृहपाठ दिसला नाही की आधी छडी. का केला नाही, हे नंतर. पुष्कळदा कधीच नाही. त्यातली किती मुलं आतून वाकली असतील, ते आता कोणती पट्टी ओढून बघू?